अनाथ आणि सोडून दिलेल्या कुत्र्या-मांजरांचं फोस्टरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्या-मांजरांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांकडे फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. पिल्लू आत्ता तुमच्या हातात असेल तर आधी प्रश्न 3 आणि 5 वाचा. बाकीचं नंतर.

1. फोस्टर करायचं म्हणजे नेमकं काय? आणि खर्च कोण करतं?

कायमचं घर मिळेपर्यंत एखाद्या प्राण्याला आपल्या घरी सांभाळणं म्हणजे फोस्टर. बाटलीवरच्या पिल्लांना साधारण दोन महिने लागतात, नसबंदीनंतरच्या कुत्रीला दहा-बारा दिवस पुरतात. मालकाने सोडलेल्या मोठ्या कुत्र्याला घर मिळायला तीन-चार महिनेही जातात. तुमच्याकडे दार बंद करता येईल अशी एक खोली (बाथरूमही चालतं), स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि रोजच्या नोंदीची वही हवी.

पैशांचं आधी ठरवा आणि मेसेजमध्ये लिहून घ्या. दवाखान्याचं बिल कोण भरणार, कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं, रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा, तुम्हाला अचानक गावी जावं लागलं तर प्राणी कुठे जाणार, हे चार मुद्दे त्यात हवेतच. फोस्टर मध्येच तुटतं ते बहुतेक वेळा यातलं काहीतरी तोंडी राहिल्यामुळे.

गावठी कुत्र्यांचा माजाचा काळ मुख्यतः भाद्रपदाच्या आसपास असतो. गर्भ सुमारे 63 दिवसांचा, म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीच्या तोंडावर, पिल्लांचे फोन वाढतात. मांजरांची पिल्लं फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्यापर्यंत येत राहतात. फोस्टर घरं कमी पडतात ती याच दिवसांत.

2. मी दिवसभर नोकरीवर असते. मला जमेल का?

जमेल, पण चार आठवड्यांच्या आतली पिल्लं घेऊ नका. त्यांना दर दोन-चार तासांनी पाजावं लागतं. स्वतः खाणारी, पाच-सहा आठवड्यांपुढची मांजराची पिल्लं जोडीने घ्या. दोघं असली की दिवसभर एकमेकांत रमतात. तेवढंही शक्य नसेल तर दवाखान्यात ने-आण करायला माणूस कायम हवा असतो.

3. पार्किंगमध्ये मांजराची तीन पिल्लं दिसली. आई कुठेच नाही. उचलून आणू का?

लगेच नको. आई बहुतेक वेळा खायला गेलेली असते, किंवा एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलत असते आणि तुम्ही बघता तेव्हा वाटेत असते. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती येणारच नाही. लांबून, शक्यतो खिडकीतून, दोन ते चार तास लक्ष ठेवा. सतत बघणं शक्य नसेल तर पिल्लांभोवती गव्हाच्या पिठाचं पातळ कडं ओढा. आई येऊन गेली असेल तर त्यात पंजे उमटतात.

पिल्लांकडेही बघा. पोट गोल, अंग स्वच्छ आणि एकमेकांना चिकटून शांत झोपलेली असतील तर आई येते आहे. पोट खपाटीला गेलेलं, अंगावर माश्या, डोळे चिकटलेले आणि सतत ओरडा चालू असेल तर थांबू नका. पाऊस, गाडीचं चाक, कुत्रे किंवा कावळे असा धोका समोर असेल तर पिल्लं त्याच जागेजवळ, पाच-दहा फुटांत, कोरड्या आडोशाला सरकवा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते, हा गैरसमज आहे.

कुत्रीच्या पिल्लांनाही हेच लागू. आई अपघातात गेल्याचं शेजारच्यांनी डोळ्यांनी पाहिलं असेल तर मात्र वाट न बघता सगळी पिल्लं एकदम उचला.

4. पिल्लू किती दिवसांचं आहे हे कसं ओळखायचं?

मांजराच्या पिल्लाची वाळलेली नाळ पोटाला असेल तर ते पाच दिवसांच्या आतलं. डोळे मिटलेले असतील तर साधारण आठवड्याचं. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसात उघडतात. कान ताठ उभे आणि पुढचे बारीक दात हिरडीतून वर आलेले म्हणजे तीन आठवडे. धावायला, खेळायला लागलं की चार-पाच आठवडे. वजनाचा ढोबळ हिशोब असा: जन्मतः 80 ते 110 ग्रॅम, एका महिन्याला 400-450, दोन महिन्यांना 800-900. उपाशी पिल्लाचं वजन फसवतं, म्हणून दात आधी बघा. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात आणि दात तीन-चार आठवड्यांनी येतात.

5. पिल्लू थंडगार लागतंय आणि हालचाल मंद आहे. आधी दूध पाजू ना?

नाही. आधी ऊब, मग दूध. अंग गार असताना आतड्यांचं काम जवळजवळ थांबलेलं असतं. दूध पोटात तसंच राहतं, आंबतं, किंवा उलटून फुप्फुसात जातं. गारठलेली पिल्लं प्रेमाने पाजलेल्या दुधामुळेच दगावतात, आणि हे पूर्ण टाळता येतं.

पिल्लू कोरड्या सुती कापडात गुंडाळून आपल्या छातीशी, कपड्याच्या आत धरा. तोवर प्लास्टिकच्या बाटलीत गरम (उकळतं नव्हे) पाणी भरून ती पंचात गुंडाळा आणि खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा. दुसरा अर्धा भाग मोकळा हवा, म्हणजे फार तापलं तर पिल्लाला बाजूला सरकता येतं. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा 30 अंश सेल्सियसच्या आसपास लागते. हेअर ड्रायर, विजेची शेकपिशवी थेट अंगाखाली, गरम पाण्यात बुडवणं, यातलं काहीही करू नका. एकदम तापवलं तर भाजतं किंवा पिल्लू कोलमडतं. अर्धा-एक तास लागू द्या.

अंग आणि तोंडाच्या आतला भाग उबदार लागला, पिल्लू तोंड फिरवून शोधायला लागलं की हिरड्यांना ग्लुकोजच्या पाण्याचं बोट लावा आणि मग प्रश्न 6 कडे वळा. तासाभराने ऊब येऊनही चोखत नसेल तर थेट दवाखाना. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल टॅक्सीवाल्यांनाही ठाऊक असतं, पण तुमच्या भागात रात्री कोण उघडं असतं हे आधीच विचारून ठेवा.

6. कोणतं दूध, किती आणि कसं पाजायचं? गाईचं चालेल का?

गाई-म्हशीच्या दुधात पिल्लांना हवी तेवढी प्रथिनं आणि स्निग्धांश नसतात, साखर मात्र जास्त असते. त्याने जुलाब लागतात, आणि शंभर ग्रॅमच्या जिवाला दोन दिवसांचे जुलाब पुरतात. पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन पिल्लांची दूध पावडर मिळते, मांजरासाठी वेगळी आणि कुत्र्यासाठी वेगळी. डब्यावरचं प्रमाण तंतोतंत पाळा. पातळ केलं तर वजन चढत नाही, घट्ट केलं तर पोट फुगतं. रात्री दुकान बंद असेल तर एक-दोन वेळा कोमट ग्लुकोजचं पाणी द्या. शेळीचं दूध फार तर दुसऱ्या दिवसापर्यंतची सोय आहे.

एका वेळी दर 100 ग्रॅम वजनाला 4 मिलीच्या वर जाऊ नका. म्हणजे 150 ग्रॅमच्या पिल्लाला 6 मिली. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार, चौथ्यात पाच-सहा तासांनी. रात्रीही. दूध मनगटाच्या आत टाकून बघा, जेमतेम कोमट लागलं पाहिजे.

पिल्लू पालथं ठेवा, आईला पितं तसं, डोकं किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं. निपलचं भोक एवढंच हवं की बाटली उलटी केल्यावर थेंब थेंब पडेल. सिरिंज असेल तर 1 किंवा 2 मिलीची घ्या आणि दट्ट्या पिल्लाच्या गिळण्याच्या वेगाने सरकवा. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, तोंड खाली करून नाक पुसा. त्यानंतर श्वासाला घरघर लागली किंवा दुसऱ्या दिवशी पिल्लू मलूल झालं तर तो न्यूमोनिया असू शकतो, घरी बघत बसू नका.

रोज एकाच वेळी वजन लिहा. मांजराचं पिल्लू दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं, कुत्र्याचं स्वतःच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के. एक दिवस वजन थांबलं तर लक्ष ठेवा, घटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. पिल्लू आजारी असल्याचं डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं.

7. पिल्लू शी-शू करतच नाही. काय चुकतंय?

तीन आठवड्यांपर्यंत त्यांना ते स्वतः जमत नाही, आई चाटून करवते. दर वेळी पाजण्याआधी आणि नंतर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने मागची जागा हलक्या हाताने, अर्धा ते एक मिनिट चोळा. शू दर वेळी व्हायला हवी, शी दिवसातून एकदा झाली तरी चालते. साधारण चौथ्या आठवड्यात मांजराच्या पिल्लांना उथळ ट्रेमध्ये वाळू किंवा कागदाचे कपटे ठेवा. ओलं झाल्यावर गोळा होणारी लिटर इतक्या लहानांना नको, ती खातात.

8. आमच्याकडे आधीच एक कुत्रा आहे. नवीन पिल्लू आणलं तर त्याला धोका?

तुमच्या कुत्र्याच्या लसी पूर्ण आणि वेळेवर झालेल्या असतील तर धोका खूप कमी. नसतील तर आधी त्या करा. नवीन पाहुणा 14 दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, वेगळं फडकं, वेगळ्या चपला. आधी घरच्या प्राण्याचं करा, मग नव्याचं, आणि हात साबणाने धुवा. सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका.

ही काळजी मुख्यतः पार्व्हो या विषाणूच्या आजारासाठी आहे. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सहसा तीन ते सात दिवस जातात, त्यामुळे पहिल्या दिवशी उड्या मारणारं पिल्लू पाचव्या दिवशी रक्ताची हगवण घेऊन पडतं. विषाणू घरात, मातीत वर्षभरही टिकतो. मांजरांमधला पॅनल्यूकोपेनिया याच घराण्यातला. फिनेलने दोन्ही मरत नाहीत, आणि मांजरांना फिनेल विषारी आहे. पंजावर लागतं, चाटलं जातं, पोटात जातं. मांजर असलेल्या घरात काळं आणि पांढरं दोन्ही फिनेल बंद करा. जागा आधी साबणाने धुऊन मळ काढा, मग साधं ब्लीच एक भाग आणि पाणी 30 भाग असं मिश्रण दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर पाण्याने धुवा. मळावर ब्लीच ओतलं तर ते मळातच संपतं. टॉयलेट साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

पार्व्हो होऊन गेलेल्या खोलीत लस न झालेलं पिल्लू पुन्हा ठेवू नका. त्या घराने पुढे लसी पूर्ण झालेले मोठे कुत्रे घ्यावेत.

9. लस आणि जंतांचं औषध कधी?

जंतांचं औषध कुत्र्याच्या पिल्लांना दोन आठवड्यांपासून आणि मांजराच्या पिल्लांना तीन आठवड्यांपासून, दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांचं होईपर्यंत. मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांना त्या दिवशीचं वजन सांगा. जुलाबाने गळालेल्या पिल्लाला आधी सावरू द्या. कुत्र्यांची पहिली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांना, मांजरांची आठ आठवड्यांना. नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने 16 आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांना. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर, बागेत, सोसायटीच्या आवारात जमिनीवर सोडू नका.

10. अंगभर पिसवा आणि गोचीड आहेत. कुत्र्याचं औषध मांजराला लावलं तर?

मांजर मरू शकतं. कुत्र्यांसाठीच्या अनेक थेंबांमध्ये आणि पावडरींमध्ये परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या शरीराला पचवता येत नाही. गोचिडांवरचं अमिट्राझही मांजराला नको. लहान पिल्लाला सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने, मानेपासून सुरुवात करून, झटपट धुवा, बारीक फणीने पिसवा काढा आणि पूर्ण कोरडं करून उबेत ठेवा. पिसवांनी एवढं रक्त प्यायलेलं असतं की हिरड्या पांढऱ्या पडतात. पांढऱ्या हिरड्या म्हणजे आजच दवाखाना.

हाच नियम माणसांच्या गोळ्यांना. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेते. ताप वाटला म्हणून घरातलं काहीही देऊ नका.

11. आमचं घर शाकाहारी आहे. फोस्टर करता येईल?

कुत्रा घेता येईल. पिल्लाला तयार पपी फूड द्या. मोठ्या कुत्र्याचा शाकाहार डॉक्टरांना विचारून बसवता येतो. नुसती दूध-पोळी हा आहार मात्र कोणालाच पुरत नाही. मांजराला शाकाहारावर ठेवता येत नाही. टॉरिन हा घटक त्याला मांसातूनच मिळतो आणि तो कमी पडला की दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. स्वयंपाकघरात मांस शिजवायचं नसेल तर पाकिटातलं कॅट फूड वेगळ्या भांड्यात देण्याला घरच्यांची हरकत आहे का, हे पिल्लू आणायच्या आधी विचारा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट दोघांनाही देऊ नका.

12. आमची बदली झाली आहे. आमचा कुत्रा तुम्ही ठेवून घ्याल का?

आधी तुम्हाला विचारू की कुत्रा सोबत नेणं खरंच अशक्य आहे का. रेल्वेतून कुत्रा नेता येतो. अ‍ॅलर्जी, बाळंतपण, घरमालकाची कुरकुर यांतल्या कित्येक अडचणींवर तोडगा निघतो (प्रश्न 15 आणि 16). खरंच नाइलाज असेल तर निदान महिना-दीड महिना आधी सांगा. तोवर कुत्रा तुमच्याच घरी राहू द्या, आपण मिळून घर शोधू. ओळखीच्या घरातून थेट नव्या घरात जाणं त्याच्यासाठी सगळ्यात सोपं असतं.

द्यायच्या वेळी लसींचं पुस्तक, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक आणि मालकी सोडत असल्याचं सही केलेलं पत्र द्या. तो कधी चावला असेल तर तेही सांगा. लपवलेला चावा पुढच्या घरातल्या लहान मुलाला भोगावा लागतो.

रस्त्यावर सोडून देऊ नका. घरात वाढलेल्या कुत्र्याला रहदारी कळत नाही आणि त्या गल्लीतले कुत्रे त्याला राहू देत नाहीत. प्राण्यांना क्रूरतेपासून संरक्षण देणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे, उपासमार होईल अशा अवस्थेत प्राणी टाकून देणं हा गुन्हाही आहे.

13. मालकाने सोडलेलं पर्शियन मांजर आलंय. दोन दिवस पलंगाखालीच आहे, खात नाही.

लपणं स्वाभाविक आहे, न खाणं धोक्याचं. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन दिवसांहून जास्त उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते आणि यकृत निकामी होऊ शकतं. 24 तासांनंतर डॉक्टरांना फोन, 48 तासांनंतर दवाखाना. तोवर छोटी खोली, लपायला खोकं, जुन्या घरातलं न धुतलेलं अंथरूण, आणि तिथलंच जुनं खाणं किंचित कोमट करून. मीठ न घालता उकळलेल्या ताज्या मासळीचं पाणी वर शिंपडून बघा.

सोडलेल्या कुत्र्याचा धोका वेगळा: तो पळतो. पहिल्या दोन आठवड्यांत पट्टा आणि हार्नेस दोन्ही घाला, दोन्हीला वेगळी दोरी बांधा आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला अडकवा. दाराची बेल वाजली की आधी कुत्रा आतल्या खोलीत, मग दार. दिवाळीत फटाक्यांच्या वेळेआधी फिरवून आणा.

14. फोस्टर पिल्लाने ओरखडलं, थोडं रक्त आलं. इंजेक्शन घ्यावं लागेल?

हो, पिल्लू कितीही लहान असलं तरी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं, घड्याळ लावून धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. तिथे बहुतेक ठिकाणी ती त्वचेत देतात: 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. दंडात स्नायूत दिली तर 0, 3, 7, 14 आणि 28. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आठवणीने विचारा. प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण लस त्यासाठी थांबवायची नसते. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपचार उरत नाही.

नियमित काम करणाऱ्यांनी आधीच प्रतिबंधक कोर्स घ्यावा: 0, 7 आणि 21 किंवा 28 वा दिवस. तो पूर्ण असला की पुढे चावा झाल्यास 0 आणि 3 व्या दिवशी दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. जखम मात्र तेव्हाही तशीच धुवायची.

15. सून गरोदर आहे. मांजर घरात ठेवावं का?

ठेवता येतं. काळजी टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते. मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस जातात. म्हणून ट्रे रोज साफ करा, ते काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करा, आणि मांजराला कच्चं मांस देऊ नका. अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेल्या पालेभाज्यांमधूनही तो येतो, तिकडेही तेवढंच लक्ष द्या. घरात गरोदर बाई असताना बाहेरून आलेलं, तपासणी न झालेलं नवीन मांजर मात्र घेऊ नका.

16. सोसायटी म्हणते प्राणी ठेवायचे नाहीत. खरंच बंदी घालता येते?

नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या परिपत्रकानुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. शी उचलणं, कुत्रा दोरीला ठेवणं, परवाना घेणं ही तुमची बाजू चोख ठेवा. भाड्याच्या घरात मात्र तुमचा करार घरमालकाशी असतो, त्याची लेखी संमती घ्या.

17. पिल्लू दत्तक देताना काय बघायचं?

आठ आठवड्यांच्या आत देऊ नका. घरातल्या सगळ्या मोठ्यांशी बोला, विशेषतः जे गप्प आहेत त्यांच्याशी. घरी जाऊन बघा. मांजरासाठी खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी बसल्याशिवाय पिल्लू हातात देऊ नका. ग्रिलच्या गजांमधून पिल्लू सहज बाहेर जातं. ओळखपत्राची प्रत, नसबंदीची अट आणि "जमलं नाही तर आम्हालाच परत" हे वाक्य करारात हवं. पहिल्या आठवड्यात, महिन्याने आणि नसबंदीच्या वेळी फोन करा. मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकतं, त्यामुळे वर्षभर थांबण्यात अर्थ नाही. लॅब्रेडॉर, पर्शियन अशी मादी असेल तर नसबंदी करूनच द्या. फुकटात मिळालेली मादी पिल्लं विकण्यासाठी वापरणारे लोक अशा जाहिरातींवर नजर ठेवून असतात.

18. गल्लीतल्या कुत्रीची नसबंदी करून घेतली. आता तिला चांगल्या भागात सोडू का?

नाही, जिथून आणली तिथेच. 2023 चे प्राणी जन्मनियंत्रण नियम नसबंदी आणि रेबीजची लस झालेल्या कुत्र्याला त्याच्या मूळ जागी सोडायला सांगतात. नव्या गल्लीत तिच्यावर हल्ला होतो किंवा ती परत यायच्या धडपडीत रस्त्यावर सापडते. टाके भरेपर्यंत दहा दिवस घरात ठेवा, चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर घाला, अंघोळ नको.

19. उसाच्या तोडणीत ठिपक्यांची "मांजराची पिल्लं" सापडली. फोस्टर मिळेल का?

हात लावू नका, वन विभागाला 1926 वर फोन करा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्याची मादी उसातच वेते, आणि रानमांजर, वाघाटी (छोटी, ठिपक्यांची जंगली मांजर) हेही तिथे पिल्लं घालतात. वाघाटीचं पिल्लू घरच्या मांजरासारखंच दिसतं. कपाळावरच्या रेघा आणि अंगावरचे तांबूस ठिपके एवढाच फरक. हे प्राणी 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, घरी ठेवणं गुन्हा आहे आणि दूध पाजणं जिवावर बेतणारं.

तोडणी तेवढ्या भागात थांबवा आणि माणसं लांब न्या, कारण बिबट्याची मादी जवळ असू शकते. पिल्लू कोणी आधीच उचलून आणलं असेल तर झाकलेल्या, हवा खेळेल अशा खोक्यात सावलीत ठेवा, फोटोसाठी हातोहाती फिरवू नका, आणि कोणत्या सरीत सापडलं ती जागा खूण करून ठेवा. वन विभागाची माणसं अंधार पडल्यावर खोकं त्याच जागी ठेवतात. आई आली की मानेला धरून पिल्लू उचलून नेते, आणि बऱ्याचदा ती पहिल्याच रात्री येते.